घंटेवरचा जावई

मुक्काम उमरावती, कार्तिक वद्य ४, शके १७८६

कुरणखेड मुक्कामी माझ्या मुलीच्या आईस,

वर तुझं नाव लिहिलं नाही. हे पत्र तुझ्या वडिलांच्या ओसरीवर वाचलं जाणार. हरिहरपंत पंतोजी घसा खाकरून ते मोठ्यानं वाचणार आणि बायकोला नावानं हाक मारणारा जावई म्हणून गावाला हसायला आणखी एक गोष्ट मिळणार. फुकट मी कोणाला काही देत नाही, हसूसुद्धा नाही.

पंतोजी, तुम्हाला नमस्कार. लिहिलं आहे तेवढं सगळं वाचा. मागच्या पत्रातला पागोट्याचा मजकूर तुम्ही गाळलात असा माझा संशय आहे, कारण त्याचं उत्तरच आलं नाही. म्हणून पुन्हा लिहितो.

दिवाळीला तुझ्या वडिलांनी, म्हणजे मामाजींनी, माझ्यासाठी जरीचं पागोटं पाठवलं, ते मी आल्या गाडीनं परत केलं. त्यात त्यांचा अपमान करायचा हेतू नव्हता. थोडा होता, पण मुख्य कारण वेगळं. जरीचं पागोटं डोक्यावर आलं की खाली फाटकी बंडी चालत नाही. बंडी बदलली की जोडे बदलावे लागतात. आणि एवढं सगळं घालून मी दिवसभर काळ्या शाईत बोटं बुडवायची? शिवाय आज पागोटं, उद्या बैलजोडी आणि परवा 'जावईबापू, आता इथंच राहा.' कोणी काही फुकट दिलं की ते मी आधी उलटं करून पाहतो. तुला माझी ही खोड माहीत आहे. तू तिला खोड म्हणतेस, मी अक्कल म्हणतो, आणि श्रावणात तू बाळंतपणाला जायच्या आदल्या दिवशी आपलं भांडण झालं ते ह्यावरूनच.

बारशाला आलो नाही. पोरीचं तोंड पाहायला जावयाला घंटा आडवी आली, असं तुझे वडील चारचौघांत म्हणाल्याचं तिकडून कापूस घेऊन येणाऱ्या गाडीवाल्यांनी सांगितलं. हो, आली आडवी. ऐन सुगीत मी चार दिवस गैरहजर राहिलो असतो तर माझी शाईची वाटी दुसऱ्याच्या हातात गेली असती. मुलीचं नाव मैना ठेवलं असंही गाडीवालेच सांगतात. ते खरं की नाही, तू कळव. गाडीवाल्यांच्या सांगण्यावर मी मुलीचं नाव धरून बसणार नाही.

'घंटेवरचा जावई' म्हणतात ना मला तिकडे? मग ती घंटा काय आहे ते ओसरीवरच्या सगळ्यांनीच ऐकावं. इथं साहेबाच्या कारखान्यात रुई दाबून तिच्या गाठी बांधतात. बांधलेल्या गाठीवर वजन आणि खूण मी शाईनं लिहितो. फाटकाशी लोखंडी रुळाचा तुकडा टांगला आहे, त्यावर पुंजाराम दरवान तासातासाला हातोडा मारतो. एक घंटा काम केलं की एक ढब्बू पैसा. घंटा भरायच्या आत गाठी संपल्या तर ती घंटा आपली नाही. कापसाच्या गाड्या आल्या नाहीत तरी पुंजाराम हातोडा मारतोच, पण ती घंटा साहेबाची. सालदाराचं वर्षाचं धान्य ठरलेलं असतं. आमचं पुढच्या घंटेचंही ठरलेलं नाही.

एवढ्यात माणूस जगतो का, असं मामाजी विचारतात. जगतो, डोळे उघडे ठेवले तर. भाकर उजेडातच खातो, म्हणजे दिव्याला तेल लागत नाही. तंबाखू सोडली. ज्वारी वाण्याकडून न घेता वलगावच्या खळ्यावरून घेतली आणि डोक्यावर आणली. वाण्याकडे उधारीचं खातं उघडलं नाही. 'घेऊन जा, पैसे सावकाश द्या' म्हणणाऱ्या वाण्याला मी जितका भितो तितका वाघाला भीत नाही. आणि घंटा बुडाली की त्या दिवशी एकच भाकर. दोन भाकरींची भूक ज्या दिवशी एका भाकरीवर गप्प बसायला शिकली, त्या दिवसापासून मला कोणाची भीती वाटत नाही.

जाताना तू म्हणाली होतीस, 'मी परत येईन ते दार असलेल्या खोलीत.' खोली पाहिली आहे. दार अजून नाही. मैनेची नजर काढत जा.

सूर्यभान

*

मुक्काम उमरावती, पौष शुद्ध ९, शके १७८६

मैनेच्या आईस,

तुझं म्हणून एक पत्र आलं. अक्षर पंतोजींचं, कागद तुझ्या वडिलांचा. त्यात 'आपल्या चरणांची दासी' असं लिहिलं आहे. लग्नाला तीन वर्षं झाली, तू माझ्या चरणांबद्दल एकदाच बोललीस, ते चिखलाचे पाय घेऊन मी चुलीपाशी आलो तेव्हा. मग ही दासी कोण? मैनेला दात येताहेत एवढं एक वाक्य तुझं वाटलं, तेच मी पुन्हा पुन्हा वाचलं.

बाकीचं सगळं मामाजींचं. ते म्हणतात, कुरणखेडला येऊन शेताचा कारभार पाहा, अखजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, मुदत आहे, नाहीतर फारकतीचा कागद करू आणि मुलीचा दुसरा पाट लावून देऊ. पंतोजी, हे तुम्ही इतक्या वळणदार अक्षरात कसं लिहिलंत?

मामाजींनी वावरातली ज्वारी बंद करून सगळीकडे कापूस लावला, बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. समुद्रापलीकडे कोणत्याशा मुलखात लढाई चालू आहे म्हणून आपल्या कापसाला हा भाव आहे, असं कारखान्यात बोलतात. दुसऱ्याच्या भांडणावर आलेला पैसा त्यांचं भांडण मिटलं की जाणार. हे मी इथं बोललो तर लोक मला वेडा म्हणतात. म्हणू देत. मी माझ्या ढब्बू पैशात राहतो. तो लहान आहे, पण माझ्या हातात आहे.

हाल आहेत, ते लपवत नाही. कापूस सोन्याचा झाला आणि ज्वारी त्याच्या मागे धावली. जो तो कापूस लावतो, मग खायचं काय? शेजारच्या पार्वताबाई माझ्या भाकरी थापून देतात, बदल्यात पिठातला वाटा घेतात. परवा भाकर लहान वाटली म्हणून मी तिच्यावर सुतळी धरून पाहिली. नेमकं त्यांनी पाहिलं.

"कावून रे सूर्यभान, भाकर मोजून राहिला का माही नियत मोजून राहिला?"

मी म्हटलं, "सहज पाहत होतो."

"सहज कोणी सुतळी धरते का? दळण तू दुसरीकडून आणतं. थे दळणारीच मूठमूठ पीठ काढून घेत असन. तिले जाऊन इचार. मले कावून पाहून राहिला?"

दळणारीवर माझा संशय आधीपासूनच आहे. पण जातं माझ्याकडे नाही, आणि घंटेला जाणारा पुरुष दळणार कधी? दर आठवड्याला दळणाचे पैसे देताना माझा जीव तुटतो.

आणखी एक सांगतो, हसू नकोस. पुंजाराम घंटा लांबवतो असं कारखान्यात सगळे म्हणत होते. बाकीच्यांना संशय होता, मला खात्री होती. आपल्या लग्नात मुहूर्ताची वेळ पाहायला भटजींनी घंगाळात भोक पाडलेली वाटी तरंगवली होती, आठवते? ती बुडली की एक घटका झाली. तशी वाटी मी मागून आणली आणि गाठींच्या आड पाण्यात सोडून बसलो. एका घंटेत ती अडीच वेळा बुडायला हवी. दोनदा बुडाली, तिसऱ्यांदा अर्धी भरली आणि हातोडा पडला. म्हणजे घंटा खरी. पण तोवर पुंजाराम माझ्या मागे येऊन उभा होता.

"काय करून राहिला गा? काम सोडून पाण्यात खेळतं?"

त्यानं माझ्या दोन घंटा कापल्या. त्या दिवशी एकच भाकर खाल्ली. तरी माझं म्हणणं असं, की मी पाहतो आहे हे त्याला आधी कळलं असणार, म्हणूनच त्या दिवशी घंटा खरी वाजली.

फारकतीबद्दल तुझं स्वतःचं म्हणणं मला पाहिजे. ते पंतोजींच्या तोंडून नको, वडिलांच्या तर नकोच. तू सांगितलंस आणि त्यांनी लिहिलं असं असेल तर त्यात अशी काही खूण घाल, की हे माझ्या बायकोचंच आहे, दुसऱ्या कोणाचं असूच शकत नाही, हे मला ओळखता आलं पाहिजे.

सूर्यभान

*

मुक्काम उमरावती, माघ वद्य २, शके १७८६

मैनेच्या आईस,

महिना झाला, उत्तर नाही. टपालवाल्याला विचारलं, तो म्हणतो, आलंच नाही. टपालवाले असं म्हणणारच.

दार बसवलं. गाठींच्या खाली घालायच्या जुन्या फळ्या कारखान्यात मोडीत निघाल्या, त्या मागून घेतल्या. कुलूप लोखंडी आहे. पार्वताबाई दार पाहायला आल्या आणि म्हणाल्या, "आत हाये काय थे तं सांग, कुलूप कायले लावतं?" आत काही नाही हे खरं आहे. एक घागर, एक घोंगडी आणि खुंटीला टांगलेलं मैनेचं झबलं. ते झबलं मी बाजारात घासाघीस करून घेतलं. विकणारी बाई इतक्या लवकर भावाला कबूल झाली की मी ते उन्हात धरून भोकं शोधली. भोक नव्हतं.

एवढ्या लहान अंगाचं माप मला माहीत नाही. आता ते लहानही झालं असेल.

रागावली असशील तर तसं कळव. पण तूच कळव.

सूर्यभान

*

मुक्काम उमरावती, चैत्र शुद्ध १२, शके १७८७

राजमान्य वामनराव यांस, जावयाचा रामराम.

सोबत तुमचीच चिठ्ठी परत पाठवत आहे. काल कापसाच्या गाडीवाल्यानं ती माझ्या हातात दिली. कोणी दिली विचारलं तर म्हणाला, देवळापाशी एका बाईनं दिली. बाईचं नाव त्याला सांगता येईना. चिठ्ठीत जे होतं ते तुम्हाला माहीत आहेच, तरी ओसरीवरच्या मंडळींसाठी इथं उतरवतो:

'सूर्यभान यांस. अखजीला सकाळी गाडी घेऊन या. मारुतीच्या देवळाशी थांबा. बाबांना सांगू नका. मी मैनेला घेऊन येते. शकुन.'

मामाजी, डाव चांगला होता, पण माणूस चुकीचा निवडलात. ही चिठ्ठी तुमच्या मुलीची नाही हे मी पहिल्या शब्दाला ओळखलं. कारण पहिला शब्दच माझं नाव आहे. तुमची मुलगी माझं नाव घेत नाही. लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा बायकांनी तिला अर्धा दिवस अडवून धरलं होतं, आणि तरी तिनं नाव अर्धं गिळलं. एकदा बाजारात मी गर्दीत हरवलो तर तिनं हाक मारली नाही, कणसाच्या टोपलीवर चढून उभी राहिली आणि मी दिसेपर्यंत तशीच राहिली. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं असं ती मानते. ती बाई दुसऱ्याला सांगून, भर कागदावर, माझं नाव घालायला लावील? आणि तेही सगळ्यांत आधी?

बरं, दुसऱ्यानं लिहिलं नसेल तर तिनं लिहिलं म्हणावं, तर तिला अक्षर येत नाही. अक्षरही काय ते! पंतोजींची मोडी मला ओळखू आली असती म्हणून त्यांना बाळबोध लिहायला लावलंत, आणि तेही डाव्या हातानं. कोंबडीनं शाईत पाय बुडवून कागदावरून चालत जावं तसं ते अक्षर आहे. इतकं वाईट अक्षर माणसाला मुद्दाम केल्याशिवाय जमत नाही.

आणि गाडी! घंटेवर जगणाऱ्या नवऱ्याला माझी बायको गाडी करून या म्हणेल? भाड्याच्या नुसत्या गोष्टीनं तिच्या कपाळाला आठी पडते. तिनं गाडी म्हटलं असतं तर त्याच ओळीत भाडं किती ते विचारलं असतं. चिठ्ठीत भाड्याचं अक्षर नाही. ज्याच्या घरी बैल चांदीच्या शेंब्या घालून फिरतात त्यालाच भाडं आठवत नाही.

पुढचं मला दिसतं. मी गाडी घेऊन देवळाशी उभा राहायचं, तुम्ही चार माणसं घेऊन यायचं, बायको पळवायला आला म्हणून गावभर करायचं, आणि तिथंच फारकतीच्या कागदावर माझा अंगठा घ्यायचा. मला सही करता येते, मामाजी. पण मी करणार नाही.

मी येणार नाही. चिठ्ठी ठेवून घ्या, दुसऱ्या जावयाला उपयोगी पडेल.

सूर्यभान

*

मुक्काम कुरणखेड, चैत्र वद्य ७, शके १७८७

चिरंजीव सूर्यभान यांस हरिहर पंतोजीचा आशीर्वाद.

वामनराव बोलत आहेत ते त्यांच्याच शब्दांत लिहितो, म्हणजे तुम्हाला संशय नको.

"जावईबापू, थे चिठ्ठी माही नाई. मले तं तिची खबरच नव्हती. माही पोरगी अखजीले घरून निघून चालली होती, हे मले तुमच्या पत्रानं कळलं. तुमीच सांगतलं मले.

पंतोजीले इचारलं तं थे खाली पाहू लागले. मंग त्यायची बायको रमाबाई सोता पुढं आली. म्हणे, तीन महिन्यापासून मी शकुनले बाळबोध शिकवून राहिली. तुमी खूण मांगतली होती ना? तिच्या मनानं घेतलं का दुसऱ्याच्या हातानं लिवलं तं तुमाले पटन नाई, आपल्याच हातानं लिवा लागन. पयला शब्द तिनं तुमचं नावच शिकून घेतला. रमाबाईनं म्हटलं, अवो, नवऱ्याचं नाव? तं म्हणे, तोंडानं घ्याले मनाई आहे, हाताले कोणी मना केलं?

तुमचं पत्र मी पंतोजीले वाचाले देल्लं. शकुननं त्यायच्या हातातून घेतलं आन् ओसरीवर उभ्या उभ्या सोताच वाचलं, एकेका अक्षरावर बोट ठेवून. माह्या घरची बाईमाणूस मी पयल्यांदा वाचताना पायली. मोठ्यानंच वाचत होती. कोंबडीपाशी आली आन् थांबली. मंग पुढचंही सारं वाचलं. रडली नाई.

आन् गाडी कायले पायजे होती थेही सांगतो. तिच्या मायचं जातं माघ महिन्यातच तिनं गड्याले सांगून चुलीपासून काढून बैलाच्या कोठ्यात ठेवलं होतं. मले वाटलं टाकी लावाले काढलं असन. थे उमरावतीले न्यायचं होतं. म्हणे, तिकडं दळणाले पैसे द्या लागतात, घरी जातं असलं तं थे वाचतीन, आन् शेजारणीचं दळून वरून चार पैसे भेटतीन. जातं काय डोक्यावर नेते? म्हून गाडी. थे जातं तिनं त्याच दिवशी गड्याले सांगून परत चुलीपाशी ठेवलं.

मले तुमची घंटा आवडत नाई. पागोटं परत आलं थे मी अजून इसरलो नाई. भाव उतरून राहिला, मीबी आता ज्वारी इकत घेतो, थेही तुमाले कळलंच असन, हसा लागते तं हसा. पण म्या खोट्या चिठ्ठ्या कधी लिवल्या नाई. आन् फारकतीचं आता मी नाई म्हणत. आता थेच म्हणते. म्हणे, ज्याले माहा कागदबी चोराचा वाटते, त्याच्या घरी दार असलं काय आन् नसलं काय."

वामनरावांचं बोलणं संपलं. खालचं माझं.

मला डाव्या हाताने लिहिता येत नाही. कार्तिकातला पागोट्याचा मजकूर मी गाळला नव्हता, दोन्ही वेळा शब्दन् शब्द वाचला होता. ऐकून सगळे गप्प बसले, म्हणून उत्तर आलं नाही.

हरिहर

*

कुरणखेड, मारुतीचं देऊळ, अखजी, सकाळ

शकुन,

हे तुला. दुसरं कोणी वाचू नये म्हणून रमाबाईंच्या हाती देतो. त्या देतील. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं.

नेहमीसारखं बाळबोधच लिहितो. मोठी अक्षरं काढतो. शब्द लहान घेतो. नीट वाचता आलं नाही तर दोष माझ्या हाताचा.

मी चुकलो. तू खूण पाठवलीस, मी तिला चोरी म्हटलं. पुंजारामची घंटा खरी होती. पार्वताबाईंची भाकर पुरी होती. तू खरी होतीस. मी एकटाच खोटा निघालो.

माझं नाव अजून कोणी एवढ्या कष्टानं लिहिलं नव्हतं. मी ते परत पाठवलं. ती चिठ्ठी तुझ्याजवळ असेल तर मला परत दे. नसेल तर नको.

घंटा सोडून आलो आहे. चार दिवसांच्या घंटा जातील, जाऊ देत. शाईची वाटी कोणी घेतली तर दुसरं काम शोधीन. ढब्बू पैसा कुठंही मिळतो. खोलीला दार आहे. कुलूप मी काढून टाकलं.

गाडी आणली आहे. गाडीवाल्यानं जे भाडं सांगितलं ते दिलं. घासाघीस केली नाही. दोन दिवस वाटेत तो माझ्या तोंडाकडे पाहून हसत होता. मी कारण विचारलं नाही.

मी देवळाच्या पायरीवर बसलो आहे. ऊन चढलं आहे. तू आली नाहीस तर संध्याकाळी परत जाईन. फारकत तूच मागितलीस तर सही देईन. वडिलांनी मागितली तर देणार नाही.

मैनेचं झबलं आणलं आहे. ते लहान झालं असेल.

सूर्यभान

*

(त्याच कागदाच्या पाठीवर, मोठ्या वाकड्या अक्षरांत)

सूर्यभान यांस.

कोंबडीचं अक्षर लागतं का? लागत असेल तर वाचा.

तुम्ही फसलात. कापूस टाकून परतणाऱ्या गाड्या उमरावतीहून इकडे रिकाम्या येतात. बसवून घ्या म्हटलं तर चार पैशांत नेतात. चिठ्ठी घेऊन गेला त्याला मी विचारून ठेवलं होतं. त्या वाटेवरच्या गाड्यांपैकी एक थांबवून या, एवढंच करायचं होतं. जाण्यायेण्याचं भाडं किती दिलं ते आधी सांगा.

झबलं लहान आहे. बाहीचा कपडा काढून टोपडं होईल.

बाबा ओसरीवर बसले आहेत. तुम्हाला पाणी ठेवा म्हणाले.

जातं मला एकटीला उचलत नाही. आत या.

शकुन